पहिल्या पगाराच्या अलीकडे

पाऊस लागला की बीड, आष्टी, पाथर्डी भागातल्या गावांतून मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटायला अजून तीन-चार महिने असतात, पण कोयत्यांची बोली आत्ताच व्हायची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्या नावावर उचल दिली जाते, रोख. त्या पैशातून बहिणीचे लग्न उरकते, आईचे ऑपरेशन होते, बियाण्याची उधारी फिटते. दिवाळीच्या आसपास जोडी कारखान्याच्या वाटेला लागते आणि उचल फिटेपर्यंत, बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, ऊस तोडत राहते. या व्यवहारात मजुराची किती पिळवणूक होते यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे त्यातली एकच गोष्ट हवी आहे : मुकादम पैसे आधी देतो.

त्याच गावात, त्याच दिवसांत कौशल्य केंद्राचा मोबिलायझरही येतो. ग्रामपंचायतीसमोर पत्रके वाटतो, बचतगटाच्या ताईंना भेटतो, दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलामुलींची नावे लिहून घेतो. तीन महिने किंवा सहा महिने शिका, प्रमाणपत्र मिळेल, मग कंपनीत लावून देऊ, असे त्याचे सांगणे असते. ते खोटे नसते. पण वीस वर्षांच्या, घरचा कर्ता झालेल्या पोराला त्यातून ऐकू येते ते एवढेच की सहा महिने कमाई बंद, आणि पुढचे पुढे. तो मान डोलावतो, नाव देतो आणि बॅच सुरू होते त्या दिवशी येत नाही. मग अहवालात लिहिले जाते की ग्रामीण तरुणांमध्ये प्रशिक्षणाबद्दल उदासीनता आहे.

या पुस्तकाचा विषय वंचित तरुणांचे रोजगार-प्रशिक्षण असा आहे. प्रस्तावना लिहायला बसताना मला वाटले की प्रशिक्षणाबद्दल आपण बोलतो खूप, आणि प्रशिक्षण घेता यावे म्हणून माणसाच्या हाताशी जे असावे लागते त्याबद्दल फार थोडे. वेल्डिंग शिकवणारा निदेशक मिळतो, यंत्रे मिळतात, इमारत तर सगळ्यात आधी मिळते. मिळत नाही ती सवड. शिकत असताना घर कसे चालायचे, शहरात उतरल्यावर पहिला पगार होईपर्यंत राहायचे कुठे आणि खायचे काय, हे प्रश्न आपण 'इतर बाबी' या सदरात टाकतो. माझ्या मते मूळ काम त्या सदरातच आहे.

बेरोजगारीचे आकडे इथे नीट वाचावे लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगाराचा जो अहवाल काढला, त्यात २०२२ साली पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. वर्तमानपत्रांनी यातला पहिला आकडा उचलला आणि त्यावर अग्रलेख लिहिले. दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. निरक्षर तरुणांना कामे सहज मिळतात असा त्याचा अर्थ नाही. बेरोजगार राहणे ही चैन त्यांना परवडत नाही, असा आहे. ज्याच्या घरी वर्षभर बसून खायची सोय आहे तोच 'कामाच्या शोधात' म्हणून मोजला जातो. बाकीचे वीटभट्टीवर, नाक्यावर, हातगाडीवर, कॅटरिंगच्या गाडीत असतात; त्यांना काम असते आणि त्या कामातून वर जाण्याची वाट नसते. म्हणून या पुस्तकातला वंचित तरुण रिकामा बसलेला नाही. त्याचा दिवस भरलेला आहे. त्याला प्रशिक्षण द्यायचे तर तो भरलेला दिवस आधी मोकळा करून घ्यावा लागतो, आणि त्याला पैसे पडतात.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाळांइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष वसतिगृहांकडे दिले. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, शिंपी अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शाळेत का येत नाही याचे उत्तर शाहूंनी मुलाच्या बुद्धीत शोधले नाही. तो राहणार कुठे आणि जेवणार कुठे, हे त्यांनी आधी पाहिले. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी हेच सूत्र पुढे नेले. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकातले एक सदर झाले आहे, पण मुळात तो रोजच्या जमाखर्चाचा हिशेब होता. मुलाच्या शिक्षणाने घरची एक कमाई बुडते, तर ती कमाई शिक्षणाच्या आतच कुठेतरी बसवायची, हा तो हिशेब. ऐन अडचणीत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली, ही गोष्ट आपण भाषणांत सांगतो. त्यातला अर्थसंकल्पाचा मुद्दा मात्र सोडून देतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना आणली, १९५० साली. आयटीआय तिच्यातून निघाल्या. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन हे शब्द घराघरांत गेले ते त्यांच्यामुळे. नावे ठेवायची आपल्याला सवय आहे, तरीही तालुक्याच्या गावातल्या गरीब मुलासाठी दोन वर्षांत हाताला काम देणारी, जवळजवळ फुकट अशी दुसरी संस्था नाही हे मान्य करावे लागते. पण याच संस्थेत कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्याला मिळणारे विद्यावेतन किती होते पाहा. महिना ४० रुपये. हे १९५० चे सांगत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते ५०० रुपये केले तोवर ४० रुपयेच होते. चाळीस रुपयांत वडापाव किती येतात ते वाचकाने मोजावे. ही रक्कम कुणाच्या तरी फायलीवर वर्षानुवर्षे होती आणि कुणाला ती विनोदी वाटली नाही, यावरून पाठबळाकडे आपण कसे पाहतो ते कळते.

मुंबईचा एक प्रयोगही इथे नोंदवायला हवा, कारण तो सहसा विसरला जातो. १९६७ मध्ये वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. गिरणगावातल्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना त्यांच्या वेळेत, त्यांच्या वस्तीजवळ शिकता यावे अशी त्यामागची कल्पना होती. देशभर पसरलेल्या त्या संस्थांना आता जन शिक्षण संस्थान म्हणतात. निरक्षर, नवसाक्षर आणि मधेच शाळा सुटलेल्या माणसांना दारात घेणारी ही योजना दिमाखदार नाही. तिच्या उद्घाटनाला कोणी मोठे माणूस येत नाही. पण कामगाराच्या वेळापत्रकाशी शिकवण्याचे वेळापत्रक जुळवायचे, ही तिची मूळची समज आजच्या चकचकीत केंद्रांपेक्षा पुढची होती.

पाबळबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेने नापास ठरवलेली मुले त्यांनी घेतली. एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात प्रत्येकाने सगळे शिकायचे : कार्यशाळेतले वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि पाण्याची मोजणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया आणि आरोग्य. एकाच ट्रेडमध्ये मुलाला अडकवायचे नाही, कारण खेड्यात एका ट्रेडवर पोट भरत नाही. शिवाय कामे खरी असायची. गावकऱ्यांना हवे असलेले फाटक, हवी असलेली माती-पाणी तपासणी मुलांनी करून द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. सरावासाठी जोडलेले आणि नंतर कापून भंगारात टाकलेले लोखंड हे आपल्या कार्यशाळांचे नेहमीचे दृश्य; पाबळमध्ये जोडलेला तुकडा कुणाच्या तरी गोठ्याला लागतो आणि नीट लागला नाही तर तो माणूस परत येऊन भांडतो. त्या भांडणाइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. आश्रमाने विकसित केलेली घुमटाकार घरे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उपयोगी पडली, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. आता एवढे असूनही सरकारी योजनांनी पाबळकडून अभ्यासक्रम घेतला तेवढा हिशेब घेतला नाही : मुलगा वर्षभर आश्रमात राहतो, जेवतो, शिकताना थोडे मिळवतोही, म्हणून तो टिकतो.

२००८ नंतर कौशल्य हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आले, २००९ च्या धोरणात २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले, २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले आणि १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. पन्नास कोटी हा आकडा कोणी, कशावरून काढला हे विचारण्यात आता अर्थ नाही. पण असा आकडा समोर ठेवला की यंत्रणा काय करते ते दिसले. माणशी खर्च कमी ठेवायचा म्हणून अभ्यासक्रम आखूड झाले, दोन-अडीच महिन्यांवर आले. ज्याला शिकवणे सोपे त्याला आधी घेतले गेले. प्रमाणपत्र हे मोजमापाचे एकक ठरले, कारण ते छापता येते आणि मोजता येते.

त्यातली एक योजना मात्र वेगळ्या विचाराची होती, आणि तिच्याबद्दल मराठीत पुरेसे लिहिले गेलेले नाही. ग्रामविकास मंत्रालयाची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, २५ सप्टेंबर २०१४ ला सुरू झालेली. १५ ते ३५ वयाच्या गरीब ग्रामीण तरुणांसाठी, स्त्रिया आणि काही दुर्बल गटांसाठी वयोमर्यादा ४५. प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी निवासी. प्रशिक्षित मुलांपैकी ७० टक्क्यांना नोकरी लावण्याची जबाबदारी संस्थेवर, आणि नोकरी लागली असे म्हणायचे तर मूल तिथे तीन महिने टिकले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकरीनंतरचे पैसे या योजनेने लिहून ठेवले. जिल्ह्यातच काम लागले तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे लागले तर तीन महिने, राज्याबाहेर गेला तर सहा महिने, दरमहा एक हजार रुपये थेट तरुणाला. मोठ्या शहरांत स्थलांतरितांसाठी मदत केंद्रे हवीत हेही त्यात होते. हजार रुपये थोडे आहेत, फार थोडे. पण गाव सोडून गेलेल्या मुलाचा पहिला महिना हा सरकारच्या हिशेबाचा विषय आहे, हे निदान कुणीतरी कागदावर आणले.

तो पहिला महिना कसा असतो? चाकण, रांजणगाव, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत उतरणाऱ्या मुलाला आधी खोली लागते. एकट्याला खोली परवडत नाही, मग कॉट बेसिसवर पाच-सहा जणांत राहायचे. तिथेही डिपॉझिट. मेसचे पैसे आगाऊ. कंपनीत सेफ्टी शूज कधी मिळतात, कधी ठेकेदार पगारातून कापतो. पहिल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला, म्हणजे कामाला लागल्यापासून जवळजवळ चाळीस दिवसांनी हातात पडणार. तेवढे दिवस काढायला बापाने कर्ज काढलेले असते किंवा मित्राने दिलेले असतात. त्यात ताप आला, चार खाडे पडले, तर पगारातून ते वजा होतात आणि खोलीभाडे वजा होत नाही. अशा वेळी गावाकडून फोन येतो की सोयाबीनची काढणी आहे, ये. मुलगा जातो. कंपनीच्या नोंदीत तो 'न सांगता निघून गेला', संस्थेच्या नोंदीत 'प्लेसमेंट टिकली नाही'. त्याला वेल्डिंग येत नव्हते म्हणून हे झाले नाही. दोन-तीन हजार रुपये आणि फोनवर बोलायला एखादा शहाणा माणूस, एवढ्यावर तो टिकला असता. बारमाही नोकरी असलेल्या घरातला मुलगा पहिल्या नोकरीत याच अडचणींतून जातो, पण त्याच्या मागे आईवडिलांचा पगार असतो, पुण्यात मावशी असते, 'आणखी दोन महिने काढ' म्हणणारे कुणी असते. पाठबळ योजना म्हणजे ती मावशी सरकारी खर्चाने उभी करायची.

संशोधनही साधारण इकडेच बोट दाखवते. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या व्यवसाय-प्रशिक्षणाच्या काटेकोर पाहण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष उत्साह घालवणारा होता : शंभर जणांना प्रशिक्षण देऊ केले तर त्यामुळे जास्तीची नोकरी लागते ती तिघांनाही नाही. बाकीच्यांना ती एरवीही लागली असती किंवा लागलीच नसती. जिथे कारखानेच नाहीत तिथे प्रशिक्षण कारखाने आणत नाही, हे त्याचे एक कारण, आणि ते कुठल्याही पाठबळाने बदलत नाही हे या पुस्तकाच्या समर्थकांनीही लक्षात ठेवावे. पण याच्या उलट टोकालाही उदाहरणे आहेत. अमेरिकेत शहरी गरीब तरुणांसाठी 'इयर अप' नावाचा कार्यक्रम २००० साली सुरू झाला. सहा महिने वर्ग, सहा महिने कंपनीत उमेदवारी, सगळा वेळ विद्यावेतन, आणि प्रत्येकामागे मार्गदर्शक. चिठ्ठ्या टाकून निवड करून झालेल्या पाहणीत त्यातल्या तरुणांची कमाई बरीच वाढली आणि ती वाढ अनेक वर्षे टिकली. खर्च माणशी सुमारे २८ हजार डॉलर. आपल्याकडे एवढे पैसे नाहीत हे खरे. पण स्वस्तातले प्रशिक्षण दहापट लोकांना देऊन तेच फळ मिळेल असे मानायलाही काही आधार नाही.

मला सगळ्यात शिकवणारा वाटतो तो बिहार-झारखंडमधला अभ्यास. वर सांगितलेल्या ग्रामीण कौशल्य योजनेच्याच केंद्रांवर संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. काही बॅचेसना, निवडीने नव्हे तर चिठ्ठी टाकून, नोकरी कशी असेल ते खरे खरे सांगितले. पगार हातात किती येतो, किती तास उभे राहावे लागते, राहण्याची सोय काय, किती मुले सोडून परत येतात. ज्यांना हे सांगितले त्या बॅचेसमधली मुले लागलेल्या नोकरीत जास्त काळ टिकली. एक रुपयाचेही यंत्र त्यासाठी घ्यावे लागले नाही. आपल्या मेळाव्यांत याच्या बरोबर उलट चालते. 'पंधरा हजार पगार' असे पोस्टरवर असते; त्यातून भविष्य निर्वाह निधी, कॅन्टीन, बस वजा होऊन हातात काय पडेल ते कोणी बोलत नाही. मोबिलायझरला माणशी टार्गेट असते. खरे सांगितले तर मुले येणार नाहीत ही त्याची भीती आहे, आणि ती पोकळ नाही. पण न येणारे मूल प्रशिक्षणाआधी गळाले तर ते कुणाचे नुकसान नाही. तीन महिन्यांनी बंगळुरूहून जनरल डब्यात उभे राहून परत आले तर ते सगळ्यांचे आहे.

प्रशिक्षण आणि स्वस्त मजुरी यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हा या क्षेत्रातला जुना वाद. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ती ओढायचा प्रयत्न केला. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावे लागतात, आणि २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना पाच ते नऊ हजारांवर नेले. पुण्याच्या पट्ट्यात मात्र अनेकांनी 'नीम ट्रेनी' हे नाव ऐकलेले असेल. तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या या व्यवस्थेत मुले शिकण्यासाठी कंपनीत जात आणि पुष्कळ ठिकाणी सरळ उत्पादनाच्या लाइनवर उभी केली जात, कामगार न म्हणवता. परिषदेने पुढे ही नियमावली मागे घेतली. तो मोह मात्र गेलेला नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये महिना, सहा महिने. नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढली. शिकताना जगण्यापुरते पैसे द्यायचे हे तत्त्व यात मान्य झाले, ते मला महत्त्वाचे वाटते. पण ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी कार्यालयात बसवलेली मुले मुदत संपल्यावर 'कायम करा' म्हणून रस्त्यावर आली, यात त्यांची चूक काय? त्यांनी कारकुनाचे काम केले होते. आणि सगळ्यात मोठी गोम पात्रतेत आहे. बारावीच्या आतले इथे नाहीतच. दहावी नापास मुलगा, सातवीत शाळा सुटलेली मुलगी, म्हणजे ज्यांच्यासाठी अशी योजना मुळात लागते, ती दाराबाहेर.

मुलींबद्दल या पुस्तकात एक स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे मी थोडक्यात लिहितो. आपल्या केंद्रांत मुलींना शिलाई, ब्युटी पार्लर आणि नर्सिंग असिस्टंट या तीन दारांतूनच आत घेतले जाते. हे बदलण्याच्या गप्पा पुष्कळ होतात. पण दुचाकी जोडणीच्या लाइनवर मुली उत्तम काम करतात हे सिद्ध करून काय उपयोग, कंपनीची बस वस्तीच्या तोंडाशी येत नसेल आणि दुसऱ्या पाळीतून सुटल्यावर रात्री बारा वाजता दोन किलोमीटर चालावे लागत असेल तर? बापाला पटवणे हे काम अभ्यासक्रमात नसते, आणि जी ताई ते करते तिच्या पगारात ते धरलेले नसते. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक माणूस पटवावा लागतो आणि एक मूल सांभाळायला द्यावे लागते. पाळणाघर असलेली कौशल्य केंद्रे मी फार थोडी पाहिली.

कागदपत्रे हा असाच अनुल्लेखित विषय. शासनाच्या कुठल्याही योजनेत जायचे तर आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते लागते. मध्यमवर्गीय माणूस म्हणेल, त्यात काय? पारधी कुटुंबातल्या मुलाला विचारा. ज्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गायरानावरच्या पालात राहणाऱ्या कुटुंबाकडे पिढ्यान्पिढ्याचा रहिवासाचा पुरावा कुठून यायचा? आणि सुरक्षारक्षकाचे प्रशिक्षण पूर्ण केल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी तो पोलीस ठाण्यात गेला की आडनाव ऐकून काय होते, ते या पुस्तकातल्या दोन लेखांत आले आहे. ते वाचल्यावर 'सॉफ्ट स्किल्स' या तासाबद्दल माझे मत फार बरे राहिले नाही. समोरच्या माणसाशी आत्मविश्वासाने बोला, असे त्या तासाला शिकवतात.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांवरचे प्रकरण मी सगळ्यात आधी वाचले. बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे अशा मुलांना समाजात उभे राहण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. 'देता येते', द्यावेच लागते असे नाही. मिशन वात्सल्यमध्ये अनुरक्षणासाठी महिना चार हजार रुपयांची तरतूद आहे, सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, हे देशात लवकर उचललेले पाऊल होते. पण अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रात्री झोपायचे कुठे, हा आरक्षणाने सुटणारा प्रश्न नाही. प्रशिक्षणाच्या सगळ्या योजना घर गृहीत धरतात. अर्जावर 'पालकाची सही' अशी जागा असते. या मुलांच्या बाबतीत वसतिगृह, विद्यावेतन आणि ओळखीचा माणूस ही तिन्ही कामे राज्यालाच करावी लागतात, आणि म्हणून आपली पाठबळ व्यवस्था खरोखर आहे की नाही हे इथे सगळ्यात लवकर उघडे पडते.

शहरांत काही वेगळे प्रयत्न झाले आहेत. बाळासाहेब खेरांनी १९२८ मध्ये स्थापन केलेल्या खेरवाडीच्या संस्थेने १९९८ पासून 'युवा परिवर्तन' चालवले, शाळा सुटलेल्या मुलांसाठी, त्यांच्या वस्तीत जाऊन, छोट्या अभ्यासक्रमांचे. पुण्यात महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये औंधपासून 'लाइटहाउस' केंद्रे सुरू झाली. तिथे मूल आले की त्याला लगेच ट्रेड देत नाहीत. आधी काही आठवडे त्याला स्वतःबद्दल बोलते करतात, कामे दाखवतात, मग निवडायला सांगतात. मला सुरुवातीला हे वेळकाढू वाटायचे. पण ज्याला आयुष्यात कुणी 'तुला काय आवडेल' असे विचारलेले नाही, त्याला तो प्रश्न समजायलाच वेळ लागतो, असे तिथल्या कामाकडे पाहून वाटते.

या पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे आणि ती संपादकांना मी सांगितली आहे. यात तरुण बोलतात, प्रशिक्षक बोलतात, संस्थांचे लोक तर भरपूर बोलतात. मालक आणि ठेकेदार जवळजवळ नाहीत. लघुउद्योजकाला मुले का टिकवता येत नाहीत, सात महिन्यांनी 'ब्रेक' देण्याचा हिशेब नेमका काय असतो, उमेदवारांचे विद्यावेतन देणे त्याला जड जाते की नुसतेच नकोसे वाटते, हे त्याच्याच तोंडून यायला हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते यावे. आकड्यांचे विभागही मला थोडे घाईत उरकल्यासारखे वाटले.

शेवटच्या भागात नोकरी सोडून गावी परतलेल्या बारा तरुणांची कथने आहेत. काहींनी नंतर दुसरीकडे काम धरले, काही पुन्हा कोयत्यावर गेले, एकीने गावातच पिठाची गिरणी टाकली. संस्थांच्या वार्षिक अहवालांत ही मुले 'गळती' या रकान्यात असतात आणि त्या रकान्याचे कुणी काही विचारत नाही. का परत आलात, असे त्यांना विचारणारे हे माझ्या वाचनातले पहिले मराठी पुस्तक आहे. वेळ कमी असेल तर वाचकाने धोरणांची प्रकरणे सोडून थेट तिथून सुरुवात करायलाही माझी हरकत नाही.